घरच्या घरी ब्रेक कॅलिपर: खोलणं, साफ करणं आणि पुन्हा बांधणं

पावसाळा सरला की गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास येते. गाडी एका बाजूला ओढते, ॲव्हरेज पडलंय, आणि थोडं फिरून आलं की पुढच्या एका चाकातून जळका वास येतो. त्या चाकाची रिम हात लावू देत नाही. निदानही ठरलेलं असतं: "कॅलिपर जॅम झालाय, बदलावा लागेल." कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) दोन्ही बाजूंनी घासपट्ट्यांनी (पॅडनी) दाबून धरणारा ब्रेकचा भाग. नवा कॅलिपर काही हजारांत जातो. त्याच कॅलिपरचं सील किट काहीशे रुपयांत मिळतं, आणि कित्येकदा तेवढंच पुरेसं असतं. कारण जॅम झालेल्या कॅलिपरचं लोखंडी अंग बहुतेक वेळा ठणठणीत असतं. बिघडलेली असतात ती रबरं, सुकलेलं ग्रीस आणि कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला गंज. हे सगळं घरी, पार्किंगमध्ये बसून, हातानं दुरुस्त होतं.

पण काम ब्रेकचं आहे. त्यामुळे ते कसं करायचं याइतकंच कुठे थांबायचं हेही खाली ठिकठिकाणी सांगितलंय. त्या जागा वगळून वाचू नका.

हा लेख वॅगनआर, स्विफ्टसारख्या छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकातला एका पिस्टनचा सरकता कॅलिपर डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय. मागच्या चाकाला डिस्क असेल आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल, तर तो यात धरू नका. त्यातला पिस्टन आट्यांवर फिरवत आत न्यावा लागतो; दाबून ढकलला तर आतली रचना मोडते. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं. ते काम वर्कशॉपचंच.

आत काय चालतं

पॅडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरच्या पोकळीत येतो आणि पिस्टन बाहेर सरकतो. पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर दाबतो. मग कॅलिपरचं अख्खं अंग दोन पिनांवर उलट्या दिशेने सरकतं आणि बाहेरच्या पॅडला ओढून घेतं. म्हणजे दोन गोष्टी मोकळ्या सरकल्या पाहिजेत: पिस्टन आणि पिना. दोन्हींपैकी एक अडली की ब्रेक बिघडला.

पॅडल सोडल्यावर पिस्टन मागे कोण आणतं? तिथे स्प्रिंग नसते. पोकळीच्या भिंतीत एक खाच असते आणि त्या खाचेत चौकोनी छेदाचं रबरी सील बसलेलं असतं. पिस्टन बाहेर जाताना ते सील त्याला धरून किंचित पीळ खातं. दाब गेला की रबर आपल्या मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला सोबत मागे ओढतं. ही माघार मिलिमीटरच्या काही दशांशांची असते, पण तेवढ्यावरच चाक मोकळं फिरतं. सील कडक झालं किंवा खाचेत गंज साचून ते आवळलं गेलं की ही माघार संपते, पॅड डिस्कवर घासत राहतो आणि चाक तापतं. या एका सीलसाठीच आपण एवढा खटाटोप करणार आहोत.

दोष खरंच कॅलिपरचा आहे का

खोलण्याआधी खात्री करा. पॅडल न दाबता गाडी डावीकडे ओढत असेल तर डावा ब्रेक धरून ठेवतोय. ब्रेक दाबल्यावर डावीकडे ओढत असेल तर बहुधा उजवा ब्रेक कमी लागतोय. हा फरक लक्षात ठेवा, नाहीतर चुकीचं चाक खोलाल.

चाक काढल्यावर दोन्ही पॅडची जाडी बघा. बाहेरचा पॅड आतल्यापेक्षा जास्त झिजला असेल, किंवा पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झाला असेल, तर संशय पिनांवर घ्या. फक्त आतला पॅड झिजला असेल तर पिस्टन परत जात नसेल किंवा पिना अडल्या असतील. अशा वेळी दोन्ही तपासायच्या.

आणखी एक शक्यता राहते, ती म्हणजे कॅलिपरपर्यंत ऑइल नेणारा रबरी होज. जुना होज आतून फुगतो किंवा सोलला जातो. मग दाब पुढे जातो पण परत येत नाही. ओळखायला सोपं आहे: चाक जॅम असतानाच कॅलिपरचं निपल (हवा आणि ऑइल बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) उघडा. ऑइलची चिळकांडी येऊन चाक मोकळं फिरायला लागलं तर दोष होजचा. निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं तर कॅलिपरचा.

काय जमवायचं

सील किट गाडीच्या मॉडेल आणि सालानुसार घ्या. त्यात पिस्टनचं सील, डस्ट कव्हर (पिस्टनवर धूळ-पाणी अडवणारं रबर) आणि काही किटांत पिनांची रबरं असतात. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात सहज मिळतं, पण ब्रेकच्या मालात नकलीचा सुळसुळाट आहे. कंपनीचं बंद पाकीट, छापील किंमत आणि पार्ट नंबर बघूनच घ्या आणि बिल मागा. सोबत होजच्या बोल्टसाठी दोन नवे तांब्याचे वॉशर घ्या. हे विसरले की काम अर्ध्यावर अडतं.

ब्रेक ऑइल कोणतं ते बॉनेटखालच्या त्याच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४. बंद डबा आणा. घरात पडलेला अर्धा डबा वापरू नका, कारण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत; पण पाणी मुरलं की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत उतरते. आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरताना सतत ब्रेक लागतो, आणि ऑइल उकळून त्यात वाफ झाली की पॅडल खाली बसतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. नावात फक्त एका आकड्याचा फरक असला तरी.

हत्यारं: जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), गोटी पाने आणि रिंग पाने (पिनांचे बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांत १२ किंवा १४ मिमी, निपल ८ किंवा १० मिमी), टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानं आवळायचा), सी-क्लॅम्प, वायर ब्रश, ८०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक बाटली, बांबूच्या काड्या, सुती चिंध्या. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे खाचेत अडकून राहतात. हातमोजे नायट्राइलचे, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क.

आणि तीन रसायनं: ब्रेक क्लीनर स्प्रे किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रेकच्या रबरांसाठीचं सिलिकॉन ग्रीस, आणि ताजं ब्रेक ऑइल. यापलीकडे कॅलिपरच्या आत काहीही जाता कामा नये. आपल्याकडे सगळे सुटे भाग रॉकेलच्या किंवा पेट्रोलच्या ताटलीत धुवायची पद्धत आहे. इंजिनासाठी ती चालते. कॅलिपरची रबरं ज्या प्रकारची असतात ती पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल आणि साधं ग्रीस लागलं की फुगतात. फुगलेलं सील पिस्टनला आवळून धरतं आणि नवं किट घालूनही चार-सहा आठवड्यांत चाक पुन्हा जॅम होतं. "किट टाकलं तरी उपयोग झाला नाही" असं ऐकू येतं त्यामागे बऱ्याचदा ही रॉकेलची ताटली असते.

सुरुवात निपलपासून

सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी लावा. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅकने उचला आणि घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. उचलायची नेमकी जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते.

चाक निघालं की आधी निपल सैल होतं का ते बघा. निपल आतून पोकळ असतं आणि गंजलेलं असलं तर पटकन तुटतं. तुटलं की घरचं काम तिथेच संपतं. गंज सोडवणारा स्प्रे मुळाशी मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा, बाजूनं हातोडीच्या हलक्या टिचक्या द्या, आणि सहा कोनी गोटी पानाच वापरा. उघड्या तोंडाच्या पान्यानं कोपरे गोल होतात. सैल झालं की परत बंद करा. त्यानंतर होजचा बोल्टही कॅलिपर गाडीवर असतानाच किंचित हलवून पुन्हा आवळून ठेवा. सुट्या कॅलिपरवर तो सोडवायला फार जड जातो.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू जशीच्या तशी असेल तर कोणती क्लिप कुठे, पॅडचं कोणतं तोंड कुठे, हे बघायला नमुना समोर राहतो. फोनवर फोटो काढा ते वेगळंच.

काळी धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असायचं आणि नव्यांची धूळही फुप्फुसाला चांगली नाही. ब्रेक क्लीनर मारून ओली करा आणि चिंधीनं टिपा.

पिस्टन बाहेर काढणं

पिनांचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर उचलून बाजूला येतो. त्याला होजवर लोंबकळू देऊ नका. तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. पॅड काढून घ्या.

जॅम पिस्टन काढायचा सगळ्यात सुरक्षित मार्ग गाडीतच आहे, तो म्हणजे ब्रेकचं पॅडल. पिस्टनसमोर, कॅलिपरच्या बोटांना (बाहेरच्या पॅडमागे येणाऱ्या वाकड्या भागांना) टेकवून एक लाकडी फळी ठेवा. जाडी अशी, की पिस्टन जवळजवळ पूर्ण बाहेर यावा पण निसटून पडू नये. कुणाला तरी पॅडल अगदी सावकाश दाबायला सांगा. पिस्टन तसूतसू बाहेर येतो. ऑइलच्या डबीवर लक्ष ठेवा. पातळी उतरली की ताजं ऑइल घाला, डबी रिकामी होऊ द्यायची नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर या पाइपांत सत्तर-ऐंशी बार दाब सहज असतो, टायरमधल्या हवेच्या तीसपट. म्हणून हट्टी पिस्टनही याला बधतो.

हवेच्या कॉम्प्रेसरनंही पिस्टन निघतो, पण नवख्यानं तो मार्ग घेऊ नये. पिस्टन अचानक सुटतो तेव्हा बोट मध्ये असेल तर हाड मोडतं. कॅलिपर आधीच गाडीवरून काढलेला असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर जाड लाकूड मध्ये घालून, वर चिंधी टाकून, अगदी कमी दाबानं थोडी थोडी हवा द्या, आणि बोटं त्या फटीत कधीच नकोत.

पिस्टनच्या तोंडाला पक्कड लावून ओढायचा मोह होतो. तो आवरा. पिस्टनच्या बाहेरच्या अंगावर पक्कडीचे दात उमटले की तो पिस्टन भंगारात गेला. का, ते पुढे येतंय.

पिस्टन टोकाला आला की होज काढायची वेळ. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा (नाहीतर मागचे दिवे तासन्‌तास जळत राहतील), नळी लावून निपल उघडा, पॅडल दीड-दोन इंच दाबा आणि सीट आणि पॅडल यांच्यामध्ये काठी अडकवून तिथेच रोखून धरा. निपल बंद करा. पॅडल या जागी असलं की मास्टर सिलिंडरमध्ये (पॅडलच्या जोरावर ऑइलला दाब देणाऱ्या भागात) डबीतून ऑइल येण्याचं भोक बंद होतं. मग होज उघडला तरी डबी रिकामी होत नाही, आणि एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटपर्यंत हवा पोचत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण एबीएसमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती स्कॅनरशिवाय निघत नाही. २०१९ नंतर आपल्याकडे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना एबीएस असतंच.

होजचा बोल्ट काढा, दोन्ही वॉशर टाकून द्या, होजच्या तोंडाला स्वच्छ प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. पुसत बसू नका, ते रंग सोलून काढतं.

खाचेची साफसफाई

आता कॅलिपर टेबलावर. पिस्टन हातानं ओढून काढा, राहिलेलं ऑइल भांड्यात ओता. जुन्या ऑइलचा रंग चहासारखा होतो आणि तळाला काळा चिखल बसलेला असतो. डस्ट कव्हर आणि सील बांबूच्या काडीनं उचला. स्क्रू ड्रायव्हर किंवा सुई नको. खाचेची कड खरचटली तर नवं सीलही तिथून गळेल.

बाहेरचं अंग वायर ब्रशनं घासा, पण त्याआधी भोकं बुजवून घ्या. आतली पोकळी फक्त ब्रेक क्लीनर किंवा अल्कोहोल आणि चिंधीनं. डाग राहिले तर १००० नंबरचा पॉलिश पेपर ब्रेक ऑइलमध्ये भिजवून हलक्या हातानं गोल फिरवा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो सीलच्या खाचेला आणि तिच्या वरच्या, डस्ट कव्हरच्या खाचेला. उजेडात धरलं तर खाचेच्या तळाशी एक तपकिरी पापुद्रा दिसतो. लोखंडाचाच रंग वाटतो, म्हणून बरेच जण तो तसाच सोडतात. काडीचं टोक चपटं कापून, अल्कोहोलमध्ये बुडवून खाचेतून फिरवा. तो पापुद्रा कवचासारखा सुटून येतो आणि खाली चकचकीत धातू दिसतो. पूर्ण गोल फेरा घ्या, तळ आणि दोन्ही कडा. पापुद्रा राहिला तर सील त्याच्यावर बसतं, पिस्टनला जास्त आवळतं, आणि परत ओढण्याची त्याची ताकद संपते. खाच हाताच्या नखाला सगळीकडे गुळगुळीत लागली पाहिजे. अर्धा तास लागला तर लागू द्या.

शेवटी क्लीनरनं धुऊन, निपलच्या भोकातूनही स्प्रे मारून ते मोकळं आहे ना बघा, आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रे पेट घेणारा असतो; जवळ विडी-सिगारेट नको, आणि बंद खोलीत काम करू नका.

पिस्टन ठेवायचा की टाकायचा

या रचनेत सील भिंतीत स्थिर बसलेलं असतं आणि पिस्टन त्याच्या आतून सरकतो. म्हणजे ऑइल अडतं ते सील आणि पिस्टनचं बाहेरचं अंग यांच्यामध्ये. पोकळीच्या भिंतीवर एखादा डाग किंवा बारीक चरा राहिला तरी फारसं बिघडत नाही. पिस्टनवर मात्र एक खड्डासुद्धा चालत नाही.

पिस्टन स्वच्छ पुसून उजेडात फिरवा आणि नख आडवं ओढा. नुसते डाग असतील तर भिजवलेल्या १००० नंबरच्या पेपरनं हलकेच जातील. नख अडकलं, क्रोमचा मुलामा उचकटलेला दिसला, तर नवा पिस्टन घ्या. "खड्डा बाहेरच्या टोकाला आहे, तिथे सील कुठे लागतंय?" असा प्रश्न पडेल. पॅड झिजलेले असताना पिस्टन बाहेर आलेला असतो आणि ते टोक सीलच्या बाहेरच राहतं, हे खरं. पण नवे जाड पॅड घातले की पिस्टन आत ढकलला जातो आणि तोच गंजलेला भाग सीलमध्ये शिरतो. पॅड बदलल्यावर पंधरा दिवसांत गळती सुरू होते ती यामुळे. काही गाड्यांत पिस्टन काळ्या, प्लास्टिकसारख्या पदार्थाचा असतो. त्यावर पेपर मारायचा नाही, कडेला तडा किंवा टवका असेल तर सरळ बदलायचा.

इथे थांबायचं ते असं: अंगाला तडा असेल, सीलच्या खाचेलाच खड्डे पडले असतील, किंवा निपलचे आटे गेले असतील, तर कॅलिपर नवा घ्या. एम-सील, टेफ्लॉन टेप, वेल्डिंग यांपैकी काहीही ब्रेकवर लावायचं नाही.

बांधणी

हात धुऊन नवे मोजे घाला, टेबलावर स्वच्छ कागद पसरा. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा आणि बोटानं खाचेत बसवा. पूर्ण गोल बोट फिरवून बघा. कुठेही पीळ किंवा फुगवटा लागता कामा नये. पिस्टन आणि पोकळी दोन्हींना ऑइलचा हात फिरवा.

डस्ट कव्हर दोन प्रकारे बसतं. धातूच्या कड्याचं असेल तर ते पिस्टननंतर सरळ दाबून बसवतात. पण कॅलिपरच्या खाचेत ओठ अडकणारं कव्हर नवख्यांना छळतं. पिस्टन आत घालून मग कव्हर बसवायला गेलात तर ते बसणारच नाही. आधी कव्हर पिस्टनच्या आत जाणाऱ्या टोकावर चढवा, असं की कव्हरचा मोठा ओठ पिस्टनच्या पुढे लोंबेल. पिस्टन पोकळीसमोर धरून तो ओठ बोटांनी सगळीकडून कॅलिपरच्या खाचेत बसवा. आता पिस्टन कव्हरमधून सरकवत सीलपर्यंत न्या आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. सीलपाशी थोडा अडतो, मग एकसारखा आत जातो. तिरका झाला तर लगेच थांबा, बाहेर काढा, परत सरळ लावा. हातोडी नको. तळाशी पोचला की कव्हरचा छोटा ओठ पिस्टनच्या गळ्यातल्या खाचेत आपोआप बसतो.

कॅलिपर रंगवायचा असेल तर बांधणीआधी, बाहेरून. पोकळी, पिनांची भोकं, पॅड बसायच्या जागा आणि होज टेकते ती गोल जागा यांवर रंग नको.

पिना आणि ब्रॅकेट

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात खाऱ्या हवेनं पिस्टनआधी बऱ्याचदा हेच अडतं. ब्रॅकेटमध्ये (कॅलिपर आणि पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीत) पॅडचे कान ज्या स्टीलच्या क्लिपांवर सरकतात, त्या क्लिपांच्या खाली गंज चढतो आणि क्लिप वर उचलली जाते. वरून क्लिप चकचकीत दिसते, पण पॅड ठोकूनच बसतो. क्लिपा काढा आणि खालचा गंज चपट्या कानशीनं धातू दिसेपर्यंत खरवडा. ब्रॅकेट पूर्ण लोखंडी आणि सुटा असेल तर किराणा दुकानातल्या लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवला तरी गंज सुटतो. नंतर सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवा. ॲल्युमिनियमचा भाग यात टाकू नका. नव्या क्लिपा बसवल्यावर पॅड बोटानं ढकलला की सरकला पाहिजे. ठोकावा लागत असेल तर अजून गंज आहे.

पिना पुसून बघा. वरची आणि खालची पीन कित्येक गाड्यांत वेगवेगळी असते. एकीला टोकाशी रबर किंवा चपटा भाग असतो. त्यांची अदलाबदल करू नका. खड्डे पडले असतील तर बदला. भोकं काडीला चिंधी गुंडाळून साफ करा. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर पुरे. भोक ग्रीसनं भरलं तर आत हवा कोंडते आणि पीन स्वतःच परत बाहेर ढकलली जाते, म्हणून पीन बसवताना रबराचा ओठ किंचित उचलून हवा बाहेर जाऊ द्या.

गाडीवर चढवणं

डिस्कच्या कडेला किंवा मध्यभागी किमान जाडी कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर डिस्कही बदला. पॅडचा मसाला ३ मिमीच्या आसपास आला असेल तर नवे पॅड दोन्ही बाजूंना एकदम घाला. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचा हात लागला तर क्लीनरनं पुसा.

होज बसवताना होजच्या ज्या कड्यातून बोल्ट जातो त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नवा वॉशर आणि होजला कुठेही पीळ नाही याची खात्री. टॉर्कचे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. छोट्या गाड्यांत साधारण अंदाज असा: पिनांचे बोल्ट २५ ते ३५ न्यूटन मीटर, ब्रॅकेटचे ८५ ते ११०, होजचा २० ते ३०, निपल जेमतेम ७ ते १०.

दोन्ही बाजूंचे कॅलिपर काढले असतील तर डावा-उजवा तपासा. निपल वरच्या बाजूला आलं पाहिजे. खाली आलं तर कॅलिपर उलट्या बाजूला बसलाय, आणि हवा वरच अडकून राहील, कितीही वेळ काढत बसलात तरी.

हवा काढणं

काठी काढा, डबी वरपर्यंत भरा. निपलवर पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवा. आता दोन माणसं हवीत. पॅडलवरच्यानं सावकाश दाबून "दाबलंय" म्हणायचं आणि तसंच धरून ठेवायचं. चाकापाशी असलेल्यानं निपल पाव फेरा उघडायचं, बुडबुडे आणि ऑइल येऊ द्यायचं, निपल बंद करायचं, आणि मगच "सोड" म्हणायचं. निपल उघडं असताना पॅडल सुटलं तर हवा परत आत.

पॅडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा, म्हणजे ते पार तळाला जाणार नाही. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी वापरात येत नाही तिथे गंज असतो. पॅडल तळापर्यंत नेलं की त्याची रबरं त्या गंजावरून जाऊन फाटतात.

दर पाच-सहा वेळा डबी बघा आणि भरा. नळीत बुडबुडे येणं थांबून ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवा. फक्त एकच पुढचा कॅलिपर उघडला असेल तर तो आणि पलीकडच्या पुढच्या चाकाचा पुरे. चारही चाकांचं ऑइल बदलायचं असेल तर क्रम मॅन्युअलमध्ये बघा. प्रत्येक गाडीत तो एकच नसतो.

रस्त्यावर जाण्याआधी

चाक बसवून गाडी खाली घ्यायच्या आधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन आत ढकलला असल्यानं पहिले काही दाब पोकळ जातात, आणि नेमका त्या वेळी गाडी सुरू करून कुणी पुढे नेली तर समोर भिंत असते. मग बॅटरी जोडा, इंजिन चालू करा आणि पॅडल मिनिटभर जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय; स्पंजासारखं लागत असेल तर हवा राहिलीय. होजचा बोल्ट, निपल आणि पिस्टनभोवती कोरडा टिश्यू फिरवून बघा. ओला झाला, पॅडल खाली जात राहिलं किंवा स्पंजासारखं लागलं, तर गाडी जागची हलवू नका. पुन्हा हवा काढा, आणि तरीही जमलं नाही तर मेकॅनिकला घरी बोलवा.

सगळं कोरडं असेल तर आधी पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगानं, हँडब्रेकवर हात ठेवून. मग मोकळ्या रस्त्यावर. नवे पॅड असतील तर ५० च्या वेगावरून १० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका, मध्ये थंड होऊ द्या. परत आल्यावर हाताची मागची बाजू दोन्ही पुढच्या रिमजवळ धरा. डिस्कला हात लावू नका. दोन्ही बाजूंची धग सारखी असावी. एक बाजू अजूनही जास्त तापत असेल तर होजची परीक्षा पुन्हा करा.

बाटलीतलं जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. बंद बाटलीत भरून सर्व्हिस सेंटरच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या, आणि पुन्हा वापरायला तर अजिबात ठेवू नका. आठवडाभर डबीची पातळी रोज सकाळी बघा. पाचेकशे किलोमीटर झाले की चाक एकदा काढून बोल्टांचा टॉर्क आणि डस्ट कव्हरखालचा कोरडेपणा तपासा. तोवर दुसऱ्या बाजूचं किट आणून ठेवा. दोन्ही कॅलिपर एकाच पावसात भिजलेत, तोही फार काळ टिकणार नाही.